वाचकांचे प्रश्न: मुलं सगळंच उतरवून घेतात, टिपण कसं शिकवायचं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तिसरी-चौथीपासूनच मुलांना स्वतःचं टिपण काढायला शिकवायला हवं, आठवी-नववीची वाट बघू नये. त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं इथे शक्य नाही म्हणून ज्यात बाकीच्यांचे पण प्रश्न येऊन जातात असे पाच निवडलेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न: नमस्कार बाई, मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे, माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र बसते. मुलांना सांगितलं की धडा वाचून महत्त्वाचं तेवढं लिहा तर ती अख्खा धडाच वहीत उतरवतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. दोन-तीन मुली तर खालचे स्वाध्यायाचे प्रश्न पण उतरवून मोकळ्या होतात. कमी लिहा म्हटलं की मग दोनच ओळी लिहितात, त्या पण पहिल्याच दोन. "महत्त्वाचं" म्हणजे काय हे त्यांना कसं समजवायचं?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट म्हणजे मुलांचं काही चुकत नाहीये. पहिलीत आल्यापासून आपण त्यांना हेच शिकवलंय ना, फळ्यावर आहे तसं उतरवा, काना-मात्रा चुकवू नका, ओळ गाळू नका, आणि ज्याची वही भरलेली आणि स्वच्छ त्याला "छान" शेरा. तीन वर्षं हे केल्यावर एक दिवस आपण म्हणतो की आता गाळा, तर ते मूल गोंधळणारच, त्याच्या डोक्यात गाळणं म्हणजे चूक हे पक्कं बसलंय. आणि "महत्त्वाचं लिहा" ही सूचना नऊ वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही, त्याला पुस्तकात छापलेलं सगळंच महत्त्वाचं वाटतं, नाहीतर छापलं कशाला असतं.

म्हणून मी "महत्त्वाचं" हा शब्दच वापरत नाही. मी मुद्द्यांवरून गोष्ट उलटी करते. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत सोडवलाय, तहानलेला कावळा - माठात थोडं पाणी - खडे टाकले - पाणी वर - तहान भागली. मुलांना हा प्रकार माहीत असतो आणि आवडतो पण. तर त्यांना सांगायचं, आज गोष्ट मी देणार, मुद्दे तुम्ही काढायचे. आणि मुद्दे काढून झाले की वही शेजारच्याला द्यायची, त्याने फक्त ते मुद्दे बघून गोष्ट सांगायची, पुस्तक बंद.

सगळं शिक्षण या देवाणघेवाणीत आहे ताई, हे मी खरंच मनापासून सांगतेय. शेजारचा मुलगा सांगता सांगता अडकला की ज्याने मुद्दे काढले त्यालाच कळतं, अरे इथे एक शब्द राहिला. आणि जो शब्द शेजाऱ्याला लागलाच नाही तो जास्तीचा होता. महत्त्वाचं काय हे आपल्याला सांगावंच लागत नाही. पहिल्या एक-दोन वेळा फार गोंधळ होतो, भांडणं पण होतात ("मी लिहिलं होतं, त्याला वाचता येत नाही"), होऊ द्या.

गोष्टी दोन आठवडे चालवा आणि मग माहितीच्या उताऱ्यावर या. तिथे मुलं जास्त अडखळतात कारण पुढे काय झालं हा धागा नसतो. उतारा तुमच्या भागातलाच घ्या, कोयना तुमच्या दारात आहे. हा मीच लिहिलेला उतारा बघा:

"कोयना नदीचा उगम महाबळेश्वरला होतो. तिथून ती दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते. पुढे कराडला ती कृष्णा नदीला मिळते, त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. कोयना नदीवर मोठं धरण बांधलेलं आहे. धरणाच्या मागे जे पाणी साठतं त्या जलाशयाला शिवसागर असं नाव आहे. या पाण्यावर वीज तयार केली जाते."

हे ४७ शब्द झाले. आता आधी हे नुसतं वाचून दाखवा, वह्या-पेन्सिली दप्तरात. मग विचारा काय काय ऐकलं, मुलं तोंडी सांगतील, तुम्ही फळ्यावर एकेक शब्दच लिहा, वाक्य नाही. मग फळ्यावर साधारण असं होतं:

कोयना - उगम महाबळेश्वर → दक्षिण → हेळवाक, पूर्व → कराड, कृष्णा, प्रीतिसंगम
धरण - शिवसागर - वीज

बारा शब्द आणि थोडे बाण. आता फळ्यावरचे हे बारा शब्द बघून एखाद्या मुलीला उभं करून कोयनेची माहिती सांगायला लावा, ती जवळजवळ सगळा उतारा परत सांगेल, आणि ते बघून बाकीच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, त्यांना पहिल्यांदा पटतं की कमी लिहून पण काही हरवत नाही.

गाळायचं काय हे शिकवायला मराठीत एक सोय आहे. आपल्या वाक्याचं शेपूट शेवटी असतं, आहे, होतो, असतो, म्हणतात, केली जाते. मुलांना सांगायचं शेपूट कापा. मग "असं", "त्या", "आणि" पण हळूहळू जातात. पण इथे एक मोठा धोका आहे, तो मला एका वहीत सापडला तेव्हापासून मी तो दरवर्षी आधीच सांगून ठेवते. धड्यात होतं, वटवाघूळ हा पक्षी नाही, तो सस्तन प्राणी आहे. मुलाने शेपूट कापलं आणि वहीत लिहिलं "वटवाघूळ - पक्षी". आठ दिवसांनी तो तेच पाठ करत होता! म्हणून नियम एकच, काहीही कापा पण "नाही" कापायचं नाही. माझ्या वर्गात "नाही"ला मुलं गोल करतात.

चिंचोक्यांचा खेळ पण करून बघा. प्रत्येकाला दहा चिंचोके, एक शब्द लिहिला की एक चिंचोका बाईंना. आधी मुलांना तारेबद्दल सांगा, पूर्वी तार पाठवताना शब्दाला पैसे पडायचे म्हणून लोक मोजून लिहायचे, ती तार आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली, म्हणजे तुमच्या वर्गातल्या कुठल्याच मुलाने पाहिलेली नाही आणि त्यांना त्याचं फार अप्रूप वाटतं. ज्याचे चिंचोके उरले आणि तरीही ज्याचं टिपण शेजाऱ्याला कळलं तो जिंकला. दोन्ही अटी हव्यात, नाहीतर मुलं एकच शब्द लिहून नऊ चिंचोके खिशात घालतात.

संक्षेप वेगळे शिकवायची गरज नाही. मुलं स्वतःचा पत्ता लिहितात त्यात मु. पो., ता., जि. असतंच, गणितात कि.मी. आणि कि.ग्रॅ. असतं. त्यांना एवढंच सांगायचं की हे असं तू पण बनवू शकतोस. फक्त ज्या पानावर नवीन संक्षेप केला त्या पानाच्या खाली त्याचा अर्थ लिहायचा, कारण मूल स्वतःच विसरतं.

आता वहीबद्दल, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टिपणाची वही वेगळी ठेवा आणि त्यात लाल पेन चालवू नका. नवीन वही आणायला सांगू नका, जूनमध्ये जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवतात ना तशी शिवलेली वही चांगली. तुम्हाला आठवत असेल, २०२३-२४ पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकातच धड्यांमध्ये कोरी पानं आली होती, वर "माझी नोंद" असं छापलेलं, नंतर २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. दप्तराचं ओझं वगैरे चर्चा खूप झाली पण त्या पानांवर मुलांनी नेमकं लिहायचं काय हे कुणी फारसं बोललं नाही. मी ज्या वर्गांत गेले तिथे त्या पानांवर प्रश्नोत्तरंच उतरवलेली दिसली, फळ्यावरून घेतलेली, सगळ्या मुलांची सारखी. नाव "माझी नोंद" आणि चाळीस पुस्तकांत एकच मजकूर, मला ते बघून वाईट वाटलं होतं.

माझी नोंद म्हणजे काय ते मला एका मुलाने दाखवलं. मी काही वर्षं जावळी तालुक्यात होते, शिवसागरचं पाणी तिकडेही येतं. कोयना धरणाच्या टिपणात एका मुलाने लिहिलं होतं "धरण - वीज - आजोबांचं गाव खाली". धड्यात ते गाव नव्हतं. शेजारच्या मुलाने सांगताना विचारलं हे काय, तर तो म्हणाला आमचं जुनं घर पाण्यात आहे, आजोबा दाखवतात कुठे होतं ते. मी ते कापायला सांगितलं नाही, आणि तुम्ही पण असं काही आलं तर कापू नका ताई.

किती वेळ द्यायचा असं विचाराल तर आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, बस. तिसरीच्या मुलांनी फक्त शब्द काढले तरी चालेल, चौथीने बाण आणि जोड्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठानंतर दोन मिनिटं, फक्त टिपण बघून काल काय शिकलो ते सांगायचं. हे सोडू नका, परत उघडलंच नाही तर टिपण काढण्याला काही अर्थ राहत नाही.

प्रश्न: माझा मुलगा पाचवीत आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. अभ्यासाला बसला की हायलायटर घेऊन पान रंगवतो, पिवळा, गुलाबी, हिरवा, पूर्ण पान रंगीत. शेवटी मीच रात्री बसून सगळ्या विषयांच्या नोट्स काढून देते, बाकीच्या आया पण देतात, आमच्या ग्रुपवर फिरतात त्या. पण परीक्षेत नोट्समधलं पण आठवत नाही म्हणतो. यंदा स्कॉलरशिपला पण बसवलंय, ती तर सगळी पर्यायांची परीक्षा, मग नोट्सचा उपयोग तरी आहे का?

उत्तर: ताई, तुम्ही किती कष्ट घेताय ते कळतंय, नोकरी-घर करून रात्री बसायचं म्हणजे सोपं नाही. पण त्या नोट्स काढताना वाचलं कुणी, काय ठेवायचं काय सोडायचं हे ठरवलं कुणी? तुम्ही. त्यामुळे तो धडा तुमचा पक्का झाला, त्याच्या हातात आलं ते आणखी एक छोटं पुस्तक. ग्रुपवरच्या नोट्सचं तर त्याहून पुढे, त्या कुणाच्या डोक्यातून आल्या तेही माहीत नाही.

हायलायटरबद्दल, २०१३ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या होत्या, त्यात रेघा मारणं आणि रंगवणं हे कमी उपयोगाचं ठरलं, आणि स्वतःला प्रश्न विचारून बघणं सगळ्यात उपयोगी पद्धतींत आलं. सारांश काढणं पण त्यात वर नव्हतं, कारण ते मुलांना आधी शिकवावं लागतं, नुसतं "सारांश काढ" म्हणून होत नाही. म्हणून त्याच्याकडून हायलायटर काढून घेऊन हातात वही देणं एवढंच पुरणार नाही.

असं करा. एक परिच्छेद, पेन्सिल खाली ठेवून पूर्ण वाचायचा. पुस्तक पालथं. तुम्हाला तोंडी सांगायचं काय वाचलं, तुम्ही पोळ्या करत असाल तरी चालेल, कान मोकळे पाहिजेत फक्त. मग वहीत एका ओळीत लिहायचं, पुस्तक अजून पालथंच. ओळ लिहून झाली की पुस्तक उघडून तपासायचं. पुस्तक पालथं असलं की उतरवायला समोर काही नसतं, त्यामुळे जे येतं ते त्याच्या शब्दांत येतं. पहिले आठ दिवस तो वैतागेल आणि तुम्हालाही वाटेल की यापेक्षा मी लिहून दिलं असतं तर लवकर झालं असतं, तेवढे आठ दिवस धीर धरा.

पाचवीच्या मुलाला अजून एक गोष्ट जमते. वहीला डावीकडे समासाची रेघ असतेच, तिथे आपण तारीख आणि प्रश्न क्रमांक सोडून काही लिहीत नाही. उजवीकडे टिपण आणि समासात त्या टिपणाचा प्रश्न लिहायचा. उजवीकडे "मुंबई - समुद्र जवळ - हवा दमट" असेल तर समासात "मुंबईची हवा दमट का?" मग अभ्यास करताना उजवी बाजू हाताने झाकायची आणि समासातले प्रश्न स्वतःला विचारायचे. ही कल्पना माझी नाही, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात कॉलेजच्या मुलांसाठी अशी पानाची आखणी सुचवली होती, त्यात खाली सारांशाची पण जागा असते. पाचवीला ती खालची जागा सोडून द्या, समास पुरतो.

आणि स्कॉलरशिपला उपयोग आहेच. भाषेच्या पेपरात उतारा देऊन त्यावर प्रश्न असतात, तिथे एकदा वाचून मुद्दा पकडता येणारं मूल उतारा पुन्हा पुन्हा वाचत बसत नाही.

प्रश्न: मुलगी सेमी इंग्रजीला आहे, चौथीत. गणित इंग्रजीत, बाकी मराठीत. टिपण काढताना दोन्ही भाषा मिसळते, एका ओळीत मराठी शब्द आणि पुढे इंग्रजी स्पेलिंग. थांबवू का?

उत्तर: नका थांबवू. टिपण तिचं स्वतःशी बोलणं आहे आणि ती बोलते तशीच बोलणार. फक्त परिभाषेचा शब्द ज्या भाषेत परीक्षेत येणार त्याच भाषेत लिहायला सांगा, म्हणजे गणितातला शब्द इंग्रजीत, तोही स्पेलिंग बघून नीट. त्याचा अर्थ मराठीत लिहिला तर उलट चांगलं, समजलंय की नाही ते तिथेच दिसतं.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. मुलाला टॅबवर टाइप करायला छान येतं, मराठी पण बोलून टाइप करतो. हाताने लिहायचा त्याला कंटाळा आहे, अक्षर पण खराब आहे. मग टिपणं टॅबवरच का काढू नयेत? शेवटी पुढे तेच करायचंय.

उत्तर: दादा, तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, पुढे तो टाइपच करणार आहे हे खरंय. यावर २०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा एक अभ्यास खूप गाजला होता. त्यात कॉलेजची मुलं होती, लॅपटॉपवर टिपण घेणारी मुलं बोलणाऱ्याची वाक्यं जशीच्या तशी जास्त उतरवत होती, आणि समजण्यावरचे प्रश्न विचारल्यावर हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडली. नंतर इतरांनी तो प्रयोग परत केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही, त्यामुळे हातानेच लिहा नाहीतर नुकसान होईल असं मी त्यावरून म्हणणार नाही.

पण त्यातली एक गोष्ट मला माझ्या वर्गातून पटते. हात हळू चालतो म्हणून डोक्याला निवड करावी लागते. तुमचा मुलगा बोलून टाइप करतो म्हणजे तर वाक्यच्या वाक्य स्क्रीनवर येणार, शेपटासकट, गाळायची गरजच पडत नाही. ज्या वयात गाळायला शिकायचंय त्याच वयात ती गरज काढून घेतली तर तो शिकणार कधी?

अक्षर खराब आहे आणि लिहायचा कंटाळा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्याला सुंदर लिहायला सांगूच नका टिपणात. अर्धं पान, बॉलपेन चालेल, खाडाखोड चालेल. त्याला एवढंच सांगा की दहा शब्दांच्या वर जायचं नाही, कंटाळा करणाऱ्या मुलांना ही अट फार आवडते! आणि अट पाळायची म्हणून ती इतका विचार करतात की बघत राहावं.

एक मात्र सांगते, ज्या मुलांना लेखनाची खरीच अडचण आहे, हात दुखतो, अक्षरं उलटसुलट होतात, त्यांच्यासाठी टाइप करणं किंवा बोलून नोंद ठेवणं हाच मार्ग असू शकतो. तसं वाटत असेल तर कंटाळा म्हणून सोडून देऊ नका, शाळेत बोला, तज्ज्ञांना दाखवा.

शिरोरेघेचा प्रश्न तिघांनी विचारलाय तो इथेच घेते. टिपणात रेघ नाही दिली तर चालेल का? वेगासाठी मोठी माणसं देत नाहीत हे मुलं बघतातच. माझं मत, पाचवीनंतर चालेल, त्याआधी नको. कारण भ आणि म, ध आणि घ यांत वरची रेघ तुटते की नाही यावर बरंच अवलंबून असतं, आणि मुलाचं वळण अजून बसलेलं नसतं. "धन" आणि "घन" एकच दिसले की दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच वाचता येत नाही. ह्रस्व-दीर्घ मात्र टिपणात तपासू नका, ते निबंधाच्या वहीत तपासा.

प्रश्न: माझी नात तिसरीत आहे, आईवडील कामाला असतात म्हणून अभ्यास मी घेते. मी जुनी सातवी पास आहे. ती लिहायच्या ऐवजी चित्रंच काढते, पाऊस म्हटलं की ढग काढते. याला टिपण म्हणायचं का? आणि मला हे नवीन काही येत नाही, मी तिला कसं शिकवू?

उत्तर: आजी, ढग काढला म्हणजे टिपणच काढलं. त्या चित्राला एक शब्द जोडायला सांगा फक्त, ढगाखाली "वाफ", बाणाखाली "पाऊस", म्हणजे नंतर तिला कळेल चित्र कशाचं होतं. तिसरीच्या मुलीला एवढं भरपूर झालं.

आणि तुम्हाला येत नाही असं म्हणू नका, तुम्ही आयुष्यभर सामानाच्या याद्या केल्यात. "तूरडाळ २, साखर ५, शेंगदाणे अर्धा, चहा". त्यात तुम्ही कधी "आपल्या घरातला चहा संपलेला आहे म्हणून चहा आणायचा आहे" असं लिहिलंत का? तेच तर शिकवायचंय तिला. या बाजाराच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात फिरत फिरत डबे उघडून बोलत जा, काय संपलं, किती राहिलं, पाहुणे येणार म्हणून काय जास्त लागणार, जसं आपण बोलतो तसं भरपूर बोला, आणि यादी तिला लिहू द्या. मग तीच यादी तिच्याच हातात देऊन दोघी दुकानात जा, तुम्ही काही बोलू नका, तिनेच वाचून दुकानदाराला सांगायचं. "साखर" लिहिलं आणि किती ते लिहिलं नाही तर दुकानदार विचारेलच, तिला पुढच्या वेळी कुणी सांगायला लागणार नाही. ती यादी फेकू नका, वहीत चिकटवून ठेवा, टिपणाच्या वहीचं पहिलं पान तेच करा. आणि काय झालं ते मला कळवा आजी, नातीच्या अक्षरात दोन ओळी पाठवल्यात तर जास्त आवडेल.